दसऱ्याआधीची ओपीडी

पितृपंधरवडा लागला की ग्रामीण रुग्णालयातल्या आमच्या मानसोपचार ओपीडीची रांग पोर्चच्या बाहेर जाते. एरवी दोन-दोन महिने दांडी मारणारे, फोन केला की ‘निघालोच बघा’ म्हणून न येणारे, सगळे त्या दिवसांत हजर असतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि निघण्याआधी प्रत्येकाला गोळ्या हव्या असतात, त्याही महिन्याच्या नव्हे, अख्ख्या हंगामाच्या.

बालाघाटच्या डोंगरातला हा ऊसतोडीचा पट्टा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत माणसं जातात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलात परततात. मी इथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ आहे. हुद्द्याने वरिष्ठ, पण सरकारी नोकरीत या विषयाची जिल्ह्यात मी एकटीच असल्यामुळे कनिष्ठही मीच. सोबत एक समाजसेवक, एक परिचारिका, नोंदी ठेवणारा एक मुलगा आणि लसीकरणाला नको असेल त्या दिवशी मिळणारी गाडी. सायकॉलॉजिस्टचं पद बहुतेक वेळा रिकामंच असतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून मनोरुग्णांवर उपचार करून दाखवले आणि त्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाले. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांपर्यंत माणसाला न्यायचं नाही, उपचार त्याच्या तालुक्यात आणायचे, अशी ही कल्पना. चांगलीच आहे. फक्त तिने एक गृहीत धरलंय, की माणूस वर्षभर त्याच्या तालुक्यात असतो. आमचा माणूस निम्मं वर्ष दुसऱ्याच्या तालुक्यात, तिसऱ्याच्या रानात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहतो. त्यामुळे इथे आल्यावर मला औषधशास्त्र पुन्हा शिकावं लागलं, ते कोयत्याच्या हिशेबाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि ती कामातून फेडायची. कामावर गेलं नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणजे ‘हिला महिनाभर विश्रांती द्या’ असं मी चिठ्ठीवर लिहिलं, तर त्या घरात त्याचा अर्थ अर्धा कोयता आणि पूर्ण कर्ज असा होतो.

असंच एक जोडपं एका भाद्रपदात आलं. बाईला बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य. दोनदा उन्मादाचा झटका येऊन गेलेला आणि दोन्ही वेळा ऐन हंगामात, फडावर असताना. गावात असताना ती बरी असायची. घरच्यांचं म्हणणं, तिकडच्या रानातलं काहीतरी लागतं; येताना उतारा करूनच आणतात. मी हंगामातल्या रात्रींबद्दल विचारत गेले. ट्रक यायची वेळ ठरलेली नसते. दिवसभर तोड, बांधणी झाली की रात्री कधीही गाडी येऊन उभी राहते आणि मग डोक्यावर मोळी घेऊन, तिरक्या फळीवरून चढून ती भरायची. गाडी रवाना झाली की तास-दोन तास पाठ टेकायची, पहाटे पुन्हा फड. सलग आठ-दहा रात्री अशा गेल्या की बायपोलरच्या माणसाला दुसरं काही लागायची गरज उरत नाही. झोप तुटणं हेच या आजारात उन्मादाचं मोठं कारण असतं.

या आजारात लिथियम हे जुनं आणि खात्रीचं औषध. शहरात असते तर डोळे झाकून लिहिलं असतं. पण लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये राखावी लागते. त्याच्या वर गेलं की हात थरथरतात, जुलाब लागतात, तोल जातो. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडावर पाणी किती मिळतं आणि घाम किती जातो, ते त्या बायकांनाच विचारा. शिवाय रोज रात्री अंगदुखीची गोळी. टपरीवरही मिळणाऱ्या त्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक असतं, आणि त्यानेही लिथियम वाढतं. ‘ती गोळी खाऊ नका’ म्हटलं तर बाई हसते. दिवसभर वाकून तोडणारीने ती गोळी खायची नाही, तर मग काय खायचं? आणि पातळी तपासायची म्हटलं तर लॅब कुठे, खाडा कुणाचा?

मग दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट. ते मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो द्यायचं नसतं, पोटातल्या बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला धोका असतो. म्हणून नेहमीचा प्रश्न विचारला, पाळी कधी आली होती?

“पिशवी काढलीय, मॅडम.”

वय तिशीच्या आतलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली, सर्वेक्षण झालं, विधिमंडळात चर्चा झाली, हे सगळं मी वाचलेलं होतं. पण औषध निवडताना तो प्रश्न असा आपोआप सुटेल, असं वाटलं नव्हतं. मी व्हॅल्प्रोएट लिहिलं.

खरा वेळ त्यानंतर गेला. बाहेर रांग ओरडत होती आणि आम्ही आत रात्रीच्या भरणीची वाटणी करत बसलो होतो. नवऱ्याचं म्हणणं, भरणी सोडली तर मुकादम ऐकणार नाही. माझं म्हणणं, ती तोडेल, बांधेल, पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री तिला झोप मिळालीच पाहिजे. शेवटी त्याच्या भावाचा कोयता त्याच टोळीत आहे हे निघालं. भाऊ आणि तो भरणी करतील, बदल्यात ही भावजयीच्या पोरांचंही दोन्ही वेळचं रांधेल, असं ठरलं. भावजय तिथे नव्हती; तिला कुणी विचारलं की नाही, देव जाणे. सलग दोन रात्री झोप लागली नाही आणि तरी बाई ताजीतवानी बोलत सुटली, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करायचा, एवढं मी नवऱ्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. जादाची एक गोळी वेगळ्या पुडीत दिली, ती फोनवर मी सांगेन तेव्हाच द्यायची.

“आन् मुकादमाला काय सांगू, गोळ्या कशाच्या?”

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते आणि मी मुकादमाला सांगणार नाहीच. पण वीस-पंचवीस माणसं एका ओळीत कोप्या टाकून राहतात, तिथे रोज रात्रीची गोळी लपत नाही. ‘येडी बाई आणली’ असं झालं तर पुढच्या वर्षी उचल नाही. बहुतेक जण ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणतात. काही जण ‘फिट येती’ म्हणतात, आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण फिटचीही लाज बाळगणारं गाव आम्ही पाहिलेलं आहे. पण वेडापेक्षा फिट बरी, असा तिथला भाव आहे. मी यात पडत नाही. वहीवर फक्त औषधाचं नाव आणि डोस असतो, आजाराचं नाव लिहायचं की नाही ते त्यांना विचारून.

ही वही आम्ही शाळेच्या छोट्या वहीतून बनवतो. एका पानावर देवनागरीत कुठली गोळी कधी, समोरच्या पानावर तेच इंग्रजीत, कारण बागलकोटकडच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मराठी येईलच असं नाही. शेवटच्या पानावर समाजसेवकाचा नंबर आणि १४४१६. ही टेलिमानसची, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. वही भिजते, हरवते, पोरं तिच्यावर गाड्या काढतात. तरी ती घेऊन तिकडच्या दवाखान्यात गेलेला माणूस आणि नुसत्या ‘पांढऱ्या गोळ्या होत्या’ एवढ्यावर गेलेला माणूस, यांच्या उपचारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गोळ्या किती द्यायच्या, हे दरवर्षीचं भांडण. नियमाने महिन्याच्या वर देत नाहीत आणि औषध भांडारातल्या माणसाचंही चूक नाही. त्याला मागणीप्रमाणे माल मिळत नाही आणि ऑडिटला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. मी जुलैतच मागणीपत्र धाडते, त्यात हंगामी स्थलांतर असं स्वच्छ लिहिते, वरून विचारणा येते की याच तिमाहीत खप इतका कसा वाढला, मी पुन्हा तेच लिहून पाठवते. कधी मिळतं, कधी रिस्पेरिडोन हे एकच औषध भरपूर येतं आणि बाकी काहीच नाही. मग काही जणांच्या चिठ्ठ्या बाहेरच्या. तिथे मी स्वस्तातलं जुनं औषध लिहिते, नवं भारीतलं लिहून घरी ‘आपण चांगलं लिहिलं’ असं समाधान मानत नाही. ते औषध दुसऱ्या महिन्याला बंद पडणार हे मला माहीत असतं.

पण तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात देणं हा नुसता साठ्याचा प्रश्न नाही. ज्याने मागच्या वर्षी फवारणीचं औषध प्यायलं होतं, त्याच्या हातात मी अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या गोळीची तीन महिन्यांची पुडकी देत नाही. जास्त घेतली तर ती गोळी हृदय बंद पाडते. त्याला फ्लुओक्सेटिन देते, ते त्या मानाने निर्धोक, आणि पुडकं त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या ट्रंकेत. अशा प्रत्येक नावापुढे मी माझ्या वहीत खूण करते आणि समाजसेवक दर आठवड्याला फोन लावतो. फडावर रेंज नसते. लोक संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चढावर जाऊन फोन करतात, म्हणून आमचेही फोन त्याच वेळी चालतात.

एका माणसाने मला हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाबद्दल जे शिकवलं, ते कुठल्याही परिषदेत कळलं नसतं. स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण, आवाज येणं पूर्ण थांबलेलं, माझ्या लेखी उत्तम. तो म्हणाला, “कोयता सुटतोय.” मी नेहमीप्रमाणे मनगट फिरवून पाहिलं, थोडा ताठरपणा होता, फार नाही. मग त्याला म्हटलं, तोडतोस कसा ते दाखव. तो टेबलाच्या बाजूला उभा राहिला, कमरेत वाकला, डाव्या हाताने नसलेलं उसाचं टिपरू धरलं, उजवा हात बुडाशी मारला, वाढं छाटलं, मागे टाकलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्या-पाचव्याला दिसलं की डावा हात अर्ध्या क्षणाने मागे पडतोय. उजवा मारून मोकळा आणि डाव्याने अजून नीट पकडलेलंच नाही. फडावर त्या अर्ध्या क्षणात बोट जातं. ताठरपणाला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, पण त्याने घाम कमी येतो आणि उन्हात काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. म्हणून हॅलोपेरिडॉलच हळूहळू बदललं. तेव्हापासून ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी पाच-सहा टिपरं तोडायला लावते. सुरुवातीला परिचारिका तोंडाला पदर लावून हसायची. आता ती स्वतःच टेबल बाजूला सरकवते.

दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. म्हातारी माणसं, शाळेची काही पोरं आणि ज्यांना नेता येत नाही ते मागे राहतात. या शेवटच्या गटासाठी आम्ही हिवाळ्यात घरभेटी करतो. आशाताईच यादी देतात, तीही सगळ्यांसमोर नाही, लसीकरणाच्या गडबडीत हळूच सांगतात.

एका वस्तीवर गोठ्यात एक तिशीचा माणूस बांधलेला होता. साखळी नव्हती, बैलाचं दावं. घोट्याभोवती जुनं धोतर गुंडाळून त्यावर दावं, म्हणजे बांधणाऱ्याने काळजीही घेतली होती. तरी धोतराखाली कातडी सोलून ओली झाली होती. भाऊ-भावजय तोडीला गेलेले, घरी फक्त आई.

“सोडलं की इहिरीकडं पळतंय. म्या म्हातारी कुठवर धावू?”

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे, कुठल्याही स्वरूपात. घरात कुणाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचं पोलिसांना कळलं, तर त्यांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, अशीही तरतूद आहे. तमिळनाडूतल्या एर्वाडीला २००१ साली आग लागली आणि साखळ्यांत बांधलेली २८ माणसं जळून गेली, त्या देशात असा कायदा हवाच. पण त्या गोठ्यात मी पोलिसांना कळवलं असतं तर सत्तरीच्या बाईला चौकीत बसावं लागलं असतं, पोरगा रात्रभराच्या प्रवासाने येरवड्याला गेला असता आणि हंगाम संपेपर्यंत त्याला भेटायला कुणी गेलं नसतं. मी कळवलं नाही. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र दाव्याची गाठ कधी सुटणार याची तारीख मी तिथेच मनाशी धरली होती.

आईने विचारलं, गोळी भाकरीत कुस्करून देऊ का? कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. त्याला आधीच वाटत होतं की भावजय जेवणात विष घालते. भाकरीत गोळी सापडली की गोळीही गेली आणि भाकरीही गेली. आम्ही आधी त्याच्या पायाकडे वळलो. परिचारिकेने जखम धुतली, मलम लावलं, तो एकटक तिच्या हातांकडे बघत होता. आजाराविषयी एक शब्दही काढला नाही. पुढच्या भेटींत पायच विषय. मग एकदा तो आपणहून म्हणाला, रात्री लई आवाज येतात, झोपू देत नाहीत. झोपेसाठी औषध घेशील का, तर हो. गोळ्यांनी सुरुवात केली, त्या सोसल्यावर फ्लुफेनाझिनचं तेलातलं इंजेक्शन, आधी अर्ध्या मात्रेत, मग दर काही आठवड्यांनी पूर्ण. ते देण्याचं काम उपकेंद्राच्या सिस्टरने अंगावर घेतलं, जे तिच्या कामाच्या यादीत कुठेच नाही.

दावं एकदम सुटलं नाही. आधी अंघोळीपुरतं, मग आई शेजारी बसून तूर पाखडत असेल तेवढा वेळ, मग दिवसभर. विहिरीवर गावकऱ्यांनी जाळी टाकली, तीही सिस्टरने सरपंचाच्या मागे लागून. रात्रीचं दावं सोडायला आईच तयार नव्हती. तिची समजूत मी घालू शकले नाही. पोराने स्वतः तिला सांगितलं की म्या कुठं जात नाय, आन् तुला गाठ बी नीट मारता येत नाय. त्यावर दोघंही हसली. माझ्या लेखी आजार उतरल्याची ती पहिली खूण.

मधेच दिव्यांग प्रमाणपत्राविषयी सांगायलाच हवं, कारण माझ्या सह्यांचा मोठा वाटा तिथे जातो. मानसिक आजाराचं अपंगत्व स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबींवर मोजतात, आजार किती वर्षांचा तेही धरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर लाभ. ‘काम’ या रकान्यात ऊसतोडीला जाणारी माणसं हमखास कमी अपंग ठरतात, कारण ती काम करतात. उचल घेतलेली असताना काम न करण्याची सोय कुणाला आहे, हे त्या रकान्यात लिहायला जागा नाही. मी शेऱ्यात लिहिते. वाचतं कोण, ते वेगळं.

होळीनंतर टोळ्या परतायला लागतात आणि ओपीडी पुन्हा भरते. या वेळच्या गर्दीचा रंग वेगळा. गोळ्या संपून दीड महिना झालेले, बोटाला पट्टी असलेले, दारू वाढलेले. हातभट्टीवाले दारू थांबवून दोन दिवसांनी भ्रमात येतात. त्यांना सलाइनमधून साखर चढवण्याआधी थायमिन हे जीवनसत्त्व द्यायचं, हे मी दरवर्षी नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगते, कारण दरवर्षी वैद्यकीय अधिकारी नवा असतो.

ती बायपोलरवाली बाई त्या वर्षी हंगाम पुरा करून आली. मध्ये एकदा नवऱ्याचा फोन आला होता, चढावरून, वाऱ्याच्या आवाजात. दोन रात्री झोप नाही आणि बाई सगळ्या टोळीला उसाचा रस पाजायला निघालीय. वेगळ्या पुडीतली गोळी दिली, तिसऱ्या रात्री झोपली, चार खाडे पडले, निभावलं. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र तिचं बिनसलं. भावाचा कोयता दुसऱ्या टोळीत गेला होता आणि भरणीला दुसरं माणूस नव्हतं.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. पाहणी झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. असता तरी मोजणारे हिवाळ्यात आमच्याकडे आले असते तर दारांना कुलपंच दिसली असती.

यंदा भाद्रपदात गोठ्यातल्या त्या माणसाचा भाऊ ओपीडीला आला. तो आता बरा हाये, अर्धा कोयता म्हणून नेऊ का? आई मागे उभी होती, त्याला नेऊ नये असं तिला वाटत होतं की न्यावं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, घरी बसून काय करू, उचल आली तर पत्रे टाकता येतील. मी टेबल बाजूला घ्यायला सांगितलं आणि त्याला टिपरं तोडायला लावली. हात बरोबर चालत होते. रात्रीची भरणी नाही, अंगदुखीच्या गोळीशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही, आणि इंजेक्शन चुकवायचं नाही, एवढ्यावर हो म्हटलं. ते जिथे जाणार त्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, इंजेक्शन आमच्याकडे येत नाही, तुम्ही पाठवाल का? फ्लुफेनाझिनच्या अँप्युल्स उजेडापासून जपाव्या लागतात, फ्रीज लागत नाही. आम्ही हंगामाच्या अँप्युल्स काळ्या कागदात गुंडाळून, वहीसकट, त्याच्या भावाच्या ताब्यात दिल्या. पहिली तारीख दिवाळीच्या पाडव्याची येत होती. सुटी म्हणून ती दोन दिवस अलीकडे घेतली.